उतरायचं तर सगळ्याजणी उतरू

कुणी भाजी निवडत असाल, कुणी खुरपणीला निघाला असाल. हात कामात असू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आम्ही नऊ गावांतल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या बायका. या कार्यक्रमात आम्ही आजवर कर्जाच्या हप्त्यावर बोललो, शेळीच्या विम्यावर बोललो, पापडाला बुरशी का येते यावरही बोललो. आज रस्त्यावर बोलणार आहोत. रस्त्यावर पोलीस गाडी थांबवतात, आत बसलेल्यांवर एक नजर टाकतात, आणि कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला खाली उतरवायचं, हे कधीकधी त्या एका नजरेतच ठरून जातं. आजचं बोलणं त्या नजरेबद्दल आहे.

आधी आमचं काय चुकलं ते सांगतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तालुक्याला गटांच्या मालाचं प्रदर्शन होतं. आम्ही ११ जणी निघालो. सकाळच्या एसटीत एवढे डबे आणि पोती चढवता येत नाहीत, म्हणून नेहमीसारखा छोटा हत्ती ठरवला. मागे शेवयांचे डबे, भाजणीची पोती आणि त्यांच्या मधे आम्ही. मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही. ती आमची पहिली चूक, आणि त्यासाठी दंड झाला असता तर आम्ही तो गपगुमान भरला असता.

अकरा जणींत दोघी पारधी वस्तीवरच्या होत्या, मावशी आणि तिची सून. दोन वर्षं झाली दोघी गटात आहेत. हप्ता एकदाही चुकलेला नाही. मावशीच्या कुरडया तळल्या की फुलासारख्या उमलतात, म्हणून प्रदर्शनात तिचा डबा सगळ्यांत पुढे ठेवायचं ठरलं होतं.

फाट्यावर नाकाबंदी होती. आदल्या रात्री शेजारच्या गावात घरफोडी झाली होती. हवालदारांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. त्यांनी ड्रायव्हरचं लायसन मागितलं नाही. मालाच्या गाडीत बायका कशा, हेही विचारलं नाही. ते सरळ मागे आले, एकेकीच्या तोंडाकडे बघत गेले आणि मावशीपाशी थांबले.

"कुठली गं तू?"

मावशीनं वस्तीचं नाव सांगितलं.

"उतर खाली. ही कोण, सून का? तीही उतरू दे."

दोघींच्या पिशव्या रस्त्यावर ओतल्या. कुरडयांचा डबा पालथा केला. सून म्हणाली, "साहेब, खायची वस्तू आहे," आणि डबा सरळ करायला वाकली. तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. हातातल्या बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. महिला पोलीस तिथं कुणी नव्हती. चोरीचं म्हणावं असं काही सापडलं नाही. तरी "चौकशी आहे" म्हणून दोघींना जीपमध्ये बसवलं. आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही जा बायांनो, तुमचा काही संबंध नाही."

आणि मैत्रिणींनो, आम्ही गेलो.

गाडी सुरू झाली तेव्हा एक जण म्हणाली, "उशीर झाला तर स्टॉल जाईल." दुसरी म्हणाली, "काहीतरी असल्याशिवाय का कुणी धरतं?" ती कोण होती ते आम्ही आज सांगणार नाही. तिला "असं कसं म्हणतेस" असं आमच्यातल्या एकीनंही विचारलं नाही, त्यामुळे ते वाक्य आमचं नऊ जणींचं झालं.

त्या दिवशी आमचा माल चांगला खपला. दोघींना दिवस मावळताना सोडलं. कशाचीही नोंद नाही, कागद नाही, सही नाही. दोघी चालत वस्तीवर गेल्या. पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत. सुनेनं एका पोराच्या हाती बचतीचं पासबुक पाठवून दिलं, "माझं नाव काढा" एवढाच निरोप.

आम्ही वस्तीवर गेलो. मावशीनं बसायला सतरंजी टाकली, चहा केला. मग म्हणाली, "त्यांनी उतरवलं त्याचं मला नवल नाही. लहानपणापासून बघते. तुमच्यातली एक जरी खाली उतरली असती ना, तरी मी घरी येऊन जेवले असते."

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्यातल्या एकीची पुतणी पुण्यात वकिलीचं शिकते. सुट्टीला आली तेव्हा तिला बैठकीत बसवून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, माणूस काय करतो ते न बघता तो कोण दिसतो यावरून संशय घ्यायचा, ही रीत जगभर आहे. अमेरिकेत तर काळ्या लोकांमध्ये कडू थट्टाच आहे, की आमचा गुन्हा एकच, काळं असून गाडी चालवली." मग तिनं तिकडच्या गोष्टी सांगितल्या. त्या ऐकल्यावर आम्हाला आमची फाट्यावरची सकाळ नीट दिसायला लागली. म्हणून त्या तुम्हालाही सांगतो.

अमेरिकेत मिनेसोटा नावाचं राज्य आहे. तिथल्या सेंट पॉल शहरात फिलांडो कॅस्टील नावाचा ३२ वर्षांचा तरुण होता. तो एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होता, आपल्याकडे पोषण आहाराचं काम करतात तसं समजा. शाळेतल्या मुलांची नावं त्याला पाठ होती, कुणाला कोणता पदार्थ सोसत नाही तेही पाठ होतं. ६ जुलै २०१६ च्या रात्री तो गाडी चालवत होता. शेजारी त्याची जोडीदारीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. पोलिसानं गाडी थांबवली आणि सांगितलं, मागचा ब्रेकचा दिवा लागत नाही. पण त्याआधी वायरलेसवर तो वेगळंच बोलला होता. आतली माणसं एका दरोड्यातल्या संशयितांसारखी दिसतात, ड्रायव्हरचं नाक रुंद आहे, असं तो म्हणाला होता.

ऐकलंत ना? रुंद नाक. दिवा हे निमित्त होतं.

कॅस्टीलनं शांतपणे सांगितलं, की माझ्याजवळ पिस्तूल आहे. त्याचा परवाना त्याच्याकडे होता आणि तिकडे ते कायदेशीर आहे. पोलीस घाबरला, त्याला वाटलं हा पिस्तूल काढतोय. त्यानं सात गोळ्या झाडल्या. बोलणं सुरू झाल्यापासून पुरतं एक मिनिटही झालं नव्हतं. कॅस्टील गेला. त्या बाईनं गोळीबारानंतरचं सगळं तिथूनच मोबाइलवर जगाला दाखवलं, म्हणून ते कळलं. नंतर पोलिसांच्या गाडीत बसवल्यावर ती रडत ओरडत होती, तेव्हा ती चार वर्षांची पोर आईला गप्प राहायला विनवत होती, तुलाही गोळी मारतील म्हणून. पुढच्या वर्षी, जून २०१७ मध्ये, ज्युरीनं त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

कॅस्टीलला त्या रात्री पहिल्यांदाच थांबवलं होतं असं नाही. तिथल्या पत्रकारांनी कागद काढून मोजलं. १३-१४ वर्षांत त्याला निदान ४६ वेळा थांबवलं होतं. त्यातल्या फक्त सहा वेळचं कारण गाडीच्या बाहेरून दिसण्यासारखं होतं. बाकी वेळी आधी थांबवलं आणि मग विम्याचा कागद, लायसनची मुदत असं काहीतरी शोधलं. पुष्कळदा दंड. दंड भरला नाही की लायसन रद्द. लायसन नाही तरी कामावर जायचंच, मग पुन्हा थांबवलं की पुन्हा दंड. आपल्याकडे सावकाराच्या व्याजाला व्याज लागतं ना, तसंच झालं हे.

आता कुणी म्हणेल, की पोलिसांना गाडीतला माणूस दिसतो कुठं, ते चूक बघून थांबवतात. हाच प्रश्न तिथल्या अभ्यासकांनी घेतला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी देशभरातल्या सुमारे साडेनऊ कोटी वेळच्या गाडीतपासणीच्या नोंदी गोळा केल्या आणि २०२० साली निष्कर्ष छापला. त्यांची युक्ती ऐका, आपल्यालाही कळेल अशी आहे. संध्याकाळी सात वाजता हिवाळ्यात अंधार असतो, उन्हाळ्यात उजेड असतो. वेळ तीच, रस्ते तेच, कामावरून घरी जाणारी माणसं तीच. फरक एवढाच, की उजेडात ड्रायव्हरचं तोंड दिसतं आणि अंधारात दिसत नाही. त्यांना आढळलं, की अंधार पडला की थांबवलेल्यांत काळ्या ड्रायव्हरांचं प्रमाण कमी होतं. दिसलं नाही की संशय कमी. गाडीची झडती घ्यायलासुद्धा काळ्यांच्या बाबतीत थोडासा संशय पुरत होता, गोऱ्यांच्या बाबतीत जास्त लागत होता.

आणि तिथला कायदा काय म्हणतो? १९९६ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात सांगितलं, की वाहतुकीचा बारीकसा नियम मोडला असेल तरी गाडी थांबवणं कायदेशीर आहे, मग पोलिसाच्या मनात खरं कारण काहीही असो. आता सांगा, बारीकसा नियम मोडत नाही अशी गाडी कुठे असते? आमच्या छोट्या हत्तीतच नियम मोडलेला होता. म्हणजे नियम सगळ्यांना आणि निमित्त ठराविक माणसांना.

दुसरी गोष्ट एका बाईची आहे. सँड्रा ब्लँड, वय २८. टेक्सास राज्यात, ज्या विद्यापीठात शिकली तिथंच तिला नोकरी मिळाली होती, म्हणून ती आली होती. १० जुलै २०१५ ला मागून पोलिसांची गाडी वेगानं येताना दिसली, तिला वाट द्यायला तिनं गाडी बाजूच्या पट्ट्यात घेतली आणि त्या घाईत इंडिकेटर दिला नाही. त्यासाठी तिला थांबवलं. पोलिसानं तिला सिगारेट विझवायला सांगितलं. ती म्हणाली, माझ्या गाडीत मी का विझवू? एवढ्यावरून आवाज चढले. विजेचा झटका देणारं हत्यार रोखून तिला खाली उतरवलं, जमिनीवर पाडलं, अटक केली. जामीन ५ हजार डॉलरचा होता. सुटायला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे, म्हणजे ५०० डॉलरच्या आसपास रोख लागणार होते. ते जमायला वेळ लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कोठडीत गळफास घेतलेल्या अवस्थेत मिळाली.

आपण बचत गटवाल्या. पाचशेची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. वेळेला पैसे नसले म्हणजे काय होतं ते आपण जाणतो, म्हणूनच तर आपण महिन्याला शंभर शंभर टाकतो. सँड्राची गोष्ट संपली तेव्हा बैठकीत कुणी बोलेना. मग आमच्या अध्यक्ष बाई म्हणाल्या, "मावशीला सोडवायला जामीन लागला असता तर आपण पेटी उघडली असती का?" मैत्रिणींनो, आम्ही खोटं सांगत नाही, त्या दिवशी आम्हाला छातीवर हात ठेवून हो म्हणता आलं नाही.

तुम्ही म्हणाल, ते काळे-गोरे तिकडचं भांडण, आपला काय संबंध. तर तिसरी गोष्ट ऐका. आपल्या शेजारच्या गुजरातमधले एक ५७ वर्षांचे आजोबा नातवाला सांभाळायला मुलाकडे अमेरिकेत गेले. अलाबामा राज्यातलं मॅडिसन नावाचं गाव. फेब्रुवारी २०१५ मध्ये सकाळी ते घरासमोरच्या रस्त्यानं पायी फिरत होते. शेजारच्या कुणीतरी पोलिसांना फोन केला, की एक सडपातळ काळा माणूस फिरतोय, संशयास्पद वाटतो. पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, तेवढंच ते सांगत राहिले. त्यांना उचलून जमिनीवर आपटलं. मानेच्या मणक्याला मार लागला, अंगातलं बळ गेलं. त्या पोलिसावर खटला चालला, दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी त्याला सोडून दिलं. मॅडिसनमध्ये त्या सकाळी ते आजोबा पारधी झाले होते. फाट्यावर मावशीचं जे झालं, ते कुठल्यातरी फाट्यावर आपल्यापैकी कुणाचंही होऊ शकतं. कोण कुणाला परकं ठरवतं, तेवढाच प्रश्न असतो.

अमेरिकेतल्या काळ्या आया आपल्या मुलांना गाडी शिकवताना एक वेगळा धडा देतात. पोलिसांनी थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेव. खिशात हात घालू नकोस. कागद काढायच्या आधी सांग. उलट बोलू नकोस. जिवंत घरी ये, बाकी आपण नंतर बघू. हे मावशीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "आमच्यातही धडा असतोच की. पातेलं घेतलं तरी पावती जपून ठेवायची. नवं लुगडं नेसून बाजारात एकटीनं जायचं नाही. आणि कुठं काही चोरी झाली असं कानावर आलं, की पोरांना आठ दिवस गावाबाहेर पाठवायचं." तिनं ट्रंक उघडून पावत्या दाखवल्या. मिक्सरची होती, पोराच्या सायकलीची होती, कुकरच्या शिट्टीचीसुद्धा होती. आमच्यापैकी एकीच्या घरातही कुकरची पावती नव्हती. आम्हाला ती कुणी कधी मागितलीच नाही.

ही नजर आली कुठून? इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला, गुन्हेगार जमातींचा कायदा. पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला. माणसानं काही केलेलं असो नसो, तो ठराविक जमातीत जन्मला की कायद्यानं गुन्हेगार. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. तारेच्या कुंपणात वसाहती केल्या. सोलापुरात त्या जागेला अजून सेटलमेंट म्हणतात. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण ही माणसं मोकळी झाली ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. तरी लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे मुंबईचा कायदा १९५९ चा. कागदावरचं नाव बदललं आणि ठाण्यातल्या भिंतीवरची नजर तीच राहिली.

मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगातल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्याचा निकाल ३ ऑक्टोबर २०२४ ला लागला. तुरुंगात जात बघून कामं वाटणं बंद करायला न्यायालयानं सांगितलं. आणि त्याच निकालात पोलिसांनाही बजावलं, की विमुक्त जमातीतल्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये. हे आपल्या गावात किती जणांना ठाऊक आहे?

आता पोलिसांची बाजूही मांडू, कारण आमच्या गटातल्या दोघींचे मुलगे पोलिसात आहेत. घरफोडी झाली की गाड्या तपासाव्याच लागतात. बारा बारा तास उन्हात उभं राहावं लागतं, वरून फोन येतात, की आज कुणीतरी धरून आणा. तपासणीला आमची ना नाही. तपासायचं तर सगळ्यांना सारखं तपासा, एवढंच मागणं आहे. आणि एक गोष्ट त्या मुलांपैकी एकानंच सांगितली. ज्या वस्तीला आपण चोर ठरवतो, त्या वस्तीतून पुढं कुणी खरी खबर द्यायला येत नाही. नुकसान तपासाचंच होतं, आणि खरा चोर दुसऱ्या रस्त्यानं निघून जातो.

बदल होऊ शकतो हेही तिकडंच दिसतं. कॅस्टीलला मारलं त्या रॅमसे परगण्यातल्या सरकारी वकिलांनी २०२१ साली जाहीर केलं, की बारीकसारीक कारणानं गाडी थांबवून उभे केलेले खटले आम्ही चालवणार नाही. फिलाडेल्फिया शहरानं त्याच वर्षी ठरवलं, की एखादा दिवा बंद आहे, नंबरप्लेट नीट बसवलेली नाही, अशा किरकोळ कारणासाठी पोलिसांनी गाडी थांबवायची नाही. टेक्सासमध्ये २०१७ साली सँड्रा ब्लँडच्या नावानं कायदा झाला. आणि कॅस्टीलच्या नावानं निधी उभा राहिला, त्यातून सेंट पॉलच्या सरकारी शाळांतल्या मुलांच्या जेवणाची थकबाकी फेडली गेली. हे आपोआप झालं नाही. आया, बहिणी आणि शेजारी वर्षानुवर्षं बोलत राहिले म्हणून झालं.

आम्ही काय केलं ते आता सांगतो. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज लिहिला. तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोण हजर होतं, नऊ जणींच्या सह्या. ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "त्या दिवशी कुणाला आणल्याची नोंदच नाही, मग अर्ज कशाचा घेऊ?" आम्ही म्हणालो, "साहेब, नोंद नाही हीच आमची तक्रार आहे." दोन तास बसलो. शेवटी पोच मिळाली. कारवाई झाली का? नाही. पण त्यानंतर फाट्यावर एक महिला शिपाई दिसायला लागली. मावशीच्या डब्याची भरपाई गटानं केली. ते उपकार म्हणून केलं नाही, आमच्या गाडीतून जाताना सांडलेला माल म्हणून केलं.

आणि पुतणीला विचारून आम्ही पाठ केलेल्या या गोष्टी. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

गाडी थांबवली तर वाद घालायचा नाही, पळायचं नाही, आवाज चढवायचा नाही. ड्रायव्हरनं लायसन आणि गाडीची कागदपत्रं दाखवायची, डिजिलॉकरमधली चालतात. पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचायचं. वेळ आणि गाडीचा नंबर लक्षात ठेवायचा.

बाईची अंगझडती फक्त बाईच घेऊ शकते, तीही आब राखून. "साहेब, महिला पोलीस बोलवा, आम्ही थांबतो," एवढं म्हणायचं.

साक्षीदार म्हणून काही विचारायचं असेल तर बाईला तिच्या घरी येऊन विचारावं लागतं, बळजबरीनं ठाण्यात नेता येत नाही. अटक करायची असेल तर कारण सांगावं लागतं, अटकेचा कागद करावा लागतो, त्यावर साक्षीदाराची सही लागते, घरच्यांना कळवावं लागतं. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे घालून दिलेलं आहे. माणूस पळून जाऊ नये यासाठी लागतो त्यापेक्षा जास्त जोर वापरता येत नाही.

सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. फारच अपवादाचं कारण असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन न्यायाधीशांची आधी परवानगी घ्यावी लागते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायाधीशांसमोर उभं करावंच लागतं.

बाईला वकील फुकट मिळतो, तिची मिळकत कितीही असो. फोन नंबर १५१००. पुन्हा सांगतो, एक-पाच-एक-शून्य-शून्य. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करायचा.

आणि शेवटची गोष्ट, जी कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही. आमच्यातल्या एकीला उतरवलं तर सगळ्याजणी उतरायच्या. एकीला ठाण्यात नेलं तर दोघींनी बरोबर जायचं, बाकीच्यांनी घरी कळवायचं. आणि आता आम्ही मालाच्या गाडीत बसत नाही. माल छोट्या हत्तीत जातो, आम्ही वडापनं जातो. जाब विचारायचा असेल तर आपली बाजू स्वच्छ पाहिजे.

गेल्या महिन्यात ती वेळ पुन्हा आली. तोच फाटा. हवालदार दुसरे होते. त्यांनी आत बघितलं आणि मावशीला म्हणाले, "तू जरा उतर." मावशीच्या आधी आमच्या अध्यक्ष बाई उतरल्या. मग आम्ही सगळ्या. हवालदार हसले, "काय हो, मोर्चा आहे का?" अध्यक्ष बाई म्हणाल्या, "नाही साहेब. तपासायचं तर सगळ्यांचं तपासा, आमची काही हरकत नाही." पाय त्यांचे कापत होते, आम्ही शेजारीच उभ्या होतो, आम्हाला दिसत होतं. महिला शिपायानं तीन पिशव्या बघितल्या, एक अध्यक्ष बाईंची, दोन दुसऱ्या कुणाच्या. मग म्हणाले, "जा." आठ-दहा मिनिटं गेली असतील. स्टॉलही मिळाला.

मावशी गाडीत बसल्यावर काही बोलली नाही. थोडं पुढं गेल्यावर तिनं डबा उघडला आणि सगळ्यांच्या हातावर एकेक कच्ची कुरडई ठेवली. घरी नेऊन तळा म्हणाली.

सून अजून गटात परत आलेली नाही. तिचं पासबुक आमच्या पेटीत आहे. तिचं नाव आम्ही काढलेलं नाही. दर बैठकीला हजेरी घेताना तिचं नाव पुकारतो आणि पुढं जातो. ती कधी येईल ते तिनं ठरवायचं.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत पाच मिनिटं हा विषय घ्या. आपल्या गाडीतून आजवर कुणाला उतरवलं गेलं, आणि तेव्हा आपण कुठं बसलो होतो, एवढंच एकमेकींना विचारा. भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.